फोन मागायचा नाही

आमच्या घरात फोन नव्हता, आणि तरीही आमचं सगळं घर काही वर्षं एका फोनच्या आवाजावर कान ठेवून जगलं. तो फोन होता समोरच्या बसूअण्णांच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली. गल्ली इतकी अरुंद की त्याची घंटी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत सरळ यायची. ती वाजली की अव्वाचा, म्हणजे आईचा, भाकरी थापणारा हात परातीतच थांबायचा. अप्पा पेपर खाली घ्यायचे. माझी थोरली बहीण, अक्का, जिथं असेल तिथं हनुवटी किंचित वर उचलायची. मग समोरून अण्णांचा गडगडाट ऐकू यायचा, "हां बोला! गुळाचा काय भाव निघाला आज?" आणि अव्वाचा हात पुन्हा भाकरीवर फिरायला लागायचा. तव्यावरची एखादी भाकरी तेवढी करपलेली असायची, ती अव्वा स्वतःच्या ताटात घ्यायची.

अक्काचा उजवा डोळा लहानपणापासूनच अधू होता. त्यानं तिला उजेड आणि सावली तेवढी कळायची. सगळं जग ती एका डाव्या डोळ्यानं बघायची आणि तेवढ्यावर वर्गात पहिली यायची. बारावी झाल्यावरच्या दिवाळीत आम्ही अव्वाच्या माहेरी गेलो होतो, निपाणीकडे. उसातून वाट काढत विहिरीकडे जाताना पुढच्या बाईनं हातानं बाजूला सारलेलं पान सुटलं आणि सपकन अक्काच्या डाव्या डोळ्यावर बसलं. उसाचं पान लागणं ही आमच्याकडे इतकी रोजची गोष्ट की त्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही. मामीनं मध घातला, शेजारणीनं एरंडेल घातलं, आणि पाव्हणचार सोडून मधेच कसं जायचं म्हणून आम्ही भाऊबीज करूनच निघालो. कोल्हापूरला घरी पोचेपर्यंत बुबुळावर पांढरा पडदा पसरायला लागला होता. जखम भरली, पण पडदा राहिला. डॉक्टर म्हणाले, आता उपाय एकच, कुणाचा तरी मेल्यावर दान केलेला डोळा मिळाला तर त्याचं बुबुळ बसवायचं. नाव लिहून ठेवू, नंबर लागला की फोन करू, फोन आल्यावर तासाभरात यायचं. फोन नंबर विचारला तेव्हा अप्पा खाली बघायला लागले. बरोबर आलेले बसूअण्णा पुढं झाले. "माझा लिवा की. आमच्या घरात फोनजवळ कोण ना कोण असतंयच."

तेव्हापासून अण्णांच्या घरात फोनवर लांबण लावायला बंदी आली. त्यांच्या सूनबाई माहेरी बोलायला लागल्या की अण्णा सोप्यातून ओरडायचे, "आवर गं! पोरीचा फोन यायचाय!" हे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी इंग्रजी शाळेत जाणारी, चारचौघांत आवाज न फुटणारी मुलगी. गल्लीतली पोरं मला 'मॅडम' म्हणायची, आणि मी त्यांना उत्तर देण्याऐवजी दप्तर छातीशी धरून भिंतीच्या कडेनं जायची. शाळेतल्या मुलींना मी अक्काबद्दल कधी काही सांगितलं नाही. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकमेकांत मिसळलेली, आईला अव्वा म्हणायचं, मला तंगी म्हणजे धाकटी बहीण म्हणायचे, आणि घरातल्या बायका 'मी आले' न म्हणता 'मी आलो' म्हणायच्या. ह्यातलं काहीच मी शाळेच्या फाटकाच्या आत नेत नसे. आज हे लिहिताना वाटतं, जे नेण्यासारखं होतं तेच मी बाहेर ठेवून जात होते.

शाळेत सकाळी प्रार्थना असायची. इंग्रजीत. तिथं शिकवलं होतं की देवाकडे मन मोकळं करून मागावं. मी मागायची. एकदा घरीही मागितलं. आम्ही लिंगायत, गळ्यातल्या चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान ठेवायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. नजर हलता कामा नये, हीच ती पूजा. अक्का मात्र डोळ्याचं असं झाल्यावरही रोज बसायची. बोटांनी चाचपून लिंग हातावर नीट ठेवायची आणि मान तशीच झुकवायची, जशी दिसत असताना झुकवायची. तिच्या शेजारी बसून मी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "देवा, अक्काचा फोन लवकर येऊ दे."

अव्वा चुलीपासून उठून आली. ती कधी मारायची नाही, त्या दिवशीही मारलं नाही, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. "काय मागितलंस?"

"फोन."

"फोन म्हंजे काय ते कळतंय का तुला? कुणाच्या तरी घरात माणूस जाणार, तवा हिचा फोन वाजणार. देवाम्होरं बसून लोकाच्या घरात रडं मागतीस व्हय?"

अक्कानं मान आणखी झुकवली. मला वाटतं तिनंही ते मनातल्या मनात कितीदा तरी मागितलं असावं.

"मग काय मागू?" मी विचारलं.

"काय मागू नगंस. आम्ही हितं बसलोय, एवढं सांग त्याला. बास."

हा आमच्या घरचा नियम झाला. फोनची वाट बघायची, पण फोन मागायचा नाही. लिहायला सोपं वाटतं. एखादी गोष्ट जिवापाड हवी आहे आणि तिचं नाव घ्यायचं नाही, असं रोज सकाळी बसून बघा म्हणजे कळेल. मी पुढं पुस्तकांतून श्रद्धेवर बरंच वाचलं, पण अव्वाच्या त्या एका वाक्यापलीकडे मला फारसं काही सापडलं नाही.

वाट बघणाऱ्या घरात वाट बघण्याशिवाय बाकीचं सगळं जास्त नेटानं होतं. एक पिशवी भरून दाराच्या खुंटीला अडकवलेली असायची, तिच्यात अक्काची दोन लुगडी, टॉवेल आणि पितळी तांब्या. तासाभरात पोचता येणार नाही अशा ठिकाणी आम्ही जात नव्हतो. मामाच्या मुलीच्या लग्नाला अप्पा एकटे जाऊन आले. अक्का चाचपून सगळं शिकली. डाळीतला खडा ती माझ्या आधी काढायची. शेंगदाण्याची चटणी कुटताना उखळाच्या आवाजावरून सांगायची, "अजून दोन घाव घाल, मग काढ." हंगामात उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून रस्त्यानं जायला लागले की ती म्हणायची, "कारखाना सुरू झाला बघ." तेव्हा अव्वा काहीतरी कारण काढून परसात जायची. ट्रॅक्टर आले म्हणजे आणखी एक वर्ष सरलं, हे आम्हा सगळ्यांना कळायचं.

आणि मी तिला वाचून दाखवायची. ही मात्र माझी परीक्षा होती. मला मराठी नीट वाचता यायचं नाही, जोडाक्षर आलं की मी अडखळायची. संध्याकाळी अप्पांचा पेपर घेऊन मी अक्काजवळ बसायची आणि ती ऐकता ऐकता चुका काढायची. "असं न्हाय. परत वाच. तुझी जीभ इंग्लिश शाळेत गहाण पडलीय काय?" मी चिडायची, परत वाचायची. अग्रलेख, बाजारभाव, निधनवार्ता, सगळं. निधनवार्ता आल्या की ती म्हणायची, "ते सोड. पुढचं वाच." आज मी ही ओळ मराठीत लिहिते आहे ती त्या संध्याकाळच्या चुकांमुळे.

बसूअण्णा रोज एकदा येऊन अक्काची चेष्टा करून जायचे. "पोरी, माझं डोळं घे गं. मला काय बघायचं राह्यलंय? काकूचं तोंड? ते पाठ हाय मला." गौरक्काकाकू समोरच्या दारातून ओरडायच्या, "आन् माझ्या हातचा चहा कोण बघणार?" अण्णा म्हणायचे, "तो बघायचा नसतो, झेलायचा असतो." ही चेष्टा आहे असं आम्ही सगळेच समजत होतो.

मग एका सकाळी अण्णा तो चहा हातात घेऊन सोप्यातल्या खुर्चीवर बसले आणि बसल्या जागीच गेले. काकूंच्या किंकाळीनं गल्ली धावली. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना सतरंजीवर निजवलं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. त्यांचा मुलगा माल आणायला परगावी गेलेला, त्याच्याकडे माणूस धाडला होता. अण्णांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळी गल्ली तात्या म्हणायची, ते आले आणि त्यांनी कारभार हातात घेतला. आमच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात, डाव्या हातावर त्याचं लिंग ठेवतात, आणि तसंच बसलेलं मातीत देतात. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं. तात्या घाई करत होते.

तेव्हा काकू बोलल्या. अगदी हळू. "त्यांचं डोळं द्यायचं हायत. ते म्हणायचे रोज."

तात्या म्हणाले, "गौरक्का, तुझं डोकं ठिकाणावर न्हाय आत्ता. चेष्टेत बोललेलं कुणी धरतंय व्हय? लिंग हातावर ठिवून बसवायचं त्याला. नजर नको लिंगावर? माझ्या भावाला काय आंधळा करून कैलासाला धाडू?"

आंधळा हा शब्द उच्चारल्यावर त्यांना अक्का दिसली. ती माझ्या दंडाला धरून उंबऱ्याशी उभी होती. तात्यांनी मान फिरवली. कुणालाच कुठं बघावं कळेना. आमच्यातले जंगम, ज्यांना आम्ही अय्या म्हणतो, ते भस्माची थाळी घेऊन आले होते, तेही थांबले.

अक्कानं माझा दंड सोडला. ती म्हणाली, "तात्या, मी रोज लिंग हातावर घेऊन बसतो. मला दिसत न्हाय. पण त्याला मी दिसतो की."

तिचा आवाज कापत नव्हता. पण मागं बायकांत कुणीतरी पुटपुटलं, "तिला पाहिजेत न्हवं डोळं. ती बोलणारच." मला वाटलं अक्काला ऐकू गेलं नसावं. पण उखळाच्या आवाजावरून चटणी ओळखणारे कान ते. ती त्या दिशेला वळली. "ह्यातला एकबी मला नको. डॉक्टर आलं की सगळ्यांम्होरं सांगतो. अण्णांचं डोळं कुणालाबी जाऊ देत. पण मातीत नकोत."

अव्वा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या पोरीनं इतक्या वर्षांची वाट स्वतःच्या हातानं बाजूला सारली होती, आणि अव्वा तिला थांबवत नव्हती. फक्त पदराचं टोक तिनं तोंडात धरलं होतं.

अय्यांनी थाळी खाली ठेवली. "डॉक्टर येऊ दे," ते म्हणाले. "मग बसवू."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तंगी, तुला नंबर ठाव हाय. लाव फोन."

दवाखान्याचा नंबर मला पाठ होता. दर महिन्याला अक्काचं नाव यादीत कुठवर आलं ते विचारायला मीच फोन लावायची, आणि लावायच्या आधी काय बोलायचं ते मनात घोकून घ्यायची, तरी दोन वाक्यांत घाम फुटायचा. त्या दिवशी भरल्या सोप्यात, सगळी गल्ली बघत असताना, मी क्रोशाचा रुमाल बाजूला केला आणि नंबर फिरवला. पलीकडच्यांनी विचारलं ते सगळं सांगितलं. त्यांनी सांगितलं ते करून घेतलं. पंखा बंद करा म्हटलं, तात्यांनीच उठून बंद केला. डोक्याखाली उशी द्या, पापण्या मिटवून ओल्या कापसाच्या घड्या ठेवा म्हटलं, काकूंनी स्वतः ठेवल्या. माझा आवाज खणखणीत निघत होता. तो माझाच होता ह्याचं मला नंतर नवल वाटलं.

मग सगळी गल्ली डॉक्टरची वाट बघत बसली. मला वाटतं तोवर वाट बघणं काय असतं हे फक्त आमच्या घराला ठाऊक होतं. त्या दिवशी सगळ्यांनी ती थोडी थोडी वाटून घेतली. बायका उसासे टाकत होत्या, तात्या रस्त्याच्या तोंडाशी येरझारा घालत होते, "आलं काय? दिसत्यात काय?" अक्का काकूंचा हात धरून बसली होती.

डॉक्टर आले. तरुण होते, बरोबर एक पेटी होती. अक्काला बघून ते ओळखीचं हसले, आणि तिनं जे बोलायचं ते बोलून टाकल्यावर गंभीर झाले. "तुमचं नाव आता अगदी वर आलंय," ते म्हणाले. "तुमच्या मनाविरुद्ध मी काही करणार नाही. पण पुढचा कधी मिळेल ते मला सांगता येणार नाही."

"व्हय," अक्का म्हणाली. "ठाव हाय मला."

त्यांचं काम फार वेळ चाललं नाही. नंतर अण्णांना अंघोळ घातली, बसवलं, कपाळभर भस्म लावलं, हातावर लिंग ठेवलं. तात्या वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. पापण्या मिटलेल्या होत्या, जशा दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मिटायच्या तशा. "हाय तसाच हाय की बसू," ते म्हणाले आणि मग लहान मुलासारखे रडले. पुढं भेटायला येणाऱ्या प्रत्येक पाव्हण्याला तेच छाती काढून सांगायचे, "आमचा बसू गेला, पण त्याचं डोळं दोन घरात बघत्यात."

घरी आल्यावर अप्पांचा तोल गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मी अक्कावर ओरडताना बघितलं. "पुढ्यात आलेलं ताट सारलंस! कोण विचारत होतं तुला?" अक्का खाली मान घालून बसली. अव्वानं शांतपणे ज्वारीचं पीठ परातीत घेतलं. "तिनं घेतलं असतं तर ती बाई म्हणाली ते खरं झालं असतं," ती म्हणाली. "मग कुणाच्या डोळ्यानं देवाम्होरं बसली असती?" अप्पा उठून बाहेर गेले.

संध्याकाळी मी पेपर घेऊन अक्काजवळ बसले. एका बातमीत मी लागोपाठ चुकले. ती काही बोलली नाही. पुढच्या बातमीत मुद्दाम चुकले, तरी काही बोलली नाही. तेव्हा मला कळलं की तिनं काय दिलंय ते तिला पुरतं ठाऊक होतं. मी पेपर घडी करून ठेवला आणि तिच्याजवळ नुसती बसले. सकाळी ती नेहमीसारखी अंघोळ करून लिंग हातावर घेऊन बसली होती. तिच्या कपाळावर भस्माची तीन बोटं जरा वाकडी उठली होती, एवढाच फरक.

ट्रॅक्टर पुन्हा आले, पुन्हा गेले. मी कॉलेजात जायला लागले. आता मी गल्लीतून मधोमध चालायची, आणि कुणी मॅडम म्हटलं तर "काय रे?" म्हणून उलट विचारायची. माझ्या मैत्रिणींना मी पहिल्यांदा घरी आणलं, अक्काच्या हातचे पुरणाचे कडबू खायला घातले, आणि ती कोण आहे ते सांगितलं. कशी आंधळी झाली ते नाही. सोप्यात उभी राहून काय बोलली ते.

फोन आला तो दुपारी. काकू चपलाही न घालता रस्ता ओलांडून आल्या. पांढरं कपाळ, पदर खांद्यावरून खाली आलेला. "आला! पोरीचा फोन आला गं!" त्या अक्काच्या गळ्यात पडल्या आणि ज्या अण्णांसाठी त्या चारचौघांत कधी रडल्या नव्हत्या, त्यांच्यासाठी तिथं रडल्या. अप्पांनी खुंटीवरची पिशवी काढली. मी रिक्षा बघायला पळणार, तर अव्वा म्हणाली, "थांबा जरा."

तिनं चूल विझवली. देवापुढं दिवा लावला आणि हात जोडले. "कुणाचं घर हाय ते ठाव न्हाय," ती म्हणाली. "त्यांला बळ दे." तिनं अक्कासाठी एक शब्दही मागितला नाही. मग उठली आणि म्हणाली, "चला."

शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढायच्या सकाळी आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, लगेच स्वच्छ दिसणार नाही, आकार दिसतील, रंग दिसतील, बाकीचं हळूहळू येईल. अव्वानं त्या दिवशी नेहमीपेक्षा पदर पुढं ओढून घेतला होता, पण तो पुन्हा पुन्हा मागं सरकत होता. मी ते बघत होते आणि मला कारण कळत नव्हतं. पट्टी निघाली. अक्का डोळा उघडून, मिटून, पुन्हा उघडून समोर बघत राहिली. ती अव्वाच्या दिशेनं पुढं झुकली.

"अव्वा," ती म्हणाली, "डोक्याला पांढरं काय बांधलंयस?"

आमच्यापैकी एकानंही तिला ते कधी सांगितलं नव्हतं. अव्वानं पदर पूर्ण खाली घेतला, खाटेवर बसली आणि मान वाकवून डोकं तिच्या पुढं धरलं.

"केस हायत," ती म्हणाली. "बघ."